दीपमालाचं ध्यान कुठं असतं

ॲप्रनचा गठ्ठा न्यायला आलेल्या मॅडम दुकानाच्या दारातच थांबल्या. दीपमालानं हौसेनं गाठ सोडली, वरचा ॲप्रन झटकून त्यांच्यासमोर धरला आणि त्यांचा चेहरा पाहून तिला कळलं की काहीतरी चुकलं आहे. काय चुकलं ते मात्र कळेना. शिलाई सरळ होती, कॉलर नीट बसली होती, खिशांवर मुलींची नावंही भरून झाली होती.

"दीपमालाताई, बाह्या अर्ध्या आहेत," मॅडम म्हणाल्या. "मी फोनवर पूर्ण बाह्या सांगितल्या होत्या. तुम्ही हो म्हणालात."

मॅडम एका नर्सिंग शाळेत शिकवायच्या आणि नव्या मुलींच्या ॲप्रनचं काम त्यांनी पहिल्यांदाच हिच्याकडे दिलं होतं. त्यांचा फोन आला तेव्हा दीपमाला कटिंगच्या टेबलाशी उभी होती. हातात कात्री, कानाला फोन. ती 'हो मॅडम, हो मॅडम' म्हणत होती आणि तेवढ्यात बाहेर भंगारवाल्यानं आरोळी दिली, तशी तिला मागच्या अंगणातली मोडकी सायकल आठवली. सायकलीवरून आणखी काही. मॅडमचे शब्द कानात शिरले, पण आत पोचलेच नाहीत. त्या दुपारी तिनं कापडाचा अख्खा तागा अर्ध्या बाहीच्या मापानं कापला आणि पुढे कित्येक दिवस मान खाली घालून शिवत बसली. एकदाही शंका आली नाही.

मॅडम ओरडल्या नाहीत. "तुम्ही एवढ्या हुशार आहात, म्हणून तर तुमच्याकडे आले होते," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. ते काम मग दुसऱ्या टेलरकडे गेलं.

वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेत, घराच्या पुढच्या खोलीत दीपमाला मूनचं दुकान आहे. वय चाळिशीला टेकलेलं. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस तर ती शिवतेच, पण तिचं नाव झालं ते ॲप्रनसाठी. सावंगीच्या मेडिकलला शिकणारी मुलं-मुली तिच्याकडे येतात, कारण तिच्या हातचा ॲप्रन खांद्यात बरोबर बसतो. एकदा लय लागली की ती जेवण विसरून शिवते. आणि लय लागली नाही तर साधी तुरपाई आठवडाभर पडून राहते. दुकानात कपाटाखाली, मशीनमागे, खुर्चीवर अर्धी शिवलेली कापडं कायम असायची. गिऱ्हाईक तारखेला यायचं आणि दीपमाला म्हणायची, "उद्या पक्कं." ती खोटं बोलत नसे. त्या क्षणी तिला खरंच वाटत असे की उद्या होईल.

हुशार आहे, पण. हे 'पण' ती लहानपणापासून ऐकत आली होती. वडनेरच्या शाळेत गुरुजींनी एकदा ऐकवलेली कविता तिला पाठ असायची आणि गृहपाठाची वही घरी राहिलेली असायची. दहावीला बरे गुण मिळाले, कारण परीक्षेच्या आधी भीतीनं ती रात्रंदिवस वाचत सुटली. बी.कॉम. अर्ध्यात सुटलं. मग कॉम्प्युटरचा क्लास, मग ब्यूटी पार्लरचा, मग नर्सरीच्या टीचरचा. प्रत्येक गोष्ट तिनं जीव ओतून सुरू केली होती आणि प्रत्येक गोष्टीतून कधी बाहेर पडली ते तिचं तिलाच सांगता येत नसे. शिवणकाम तेवढं टिकलं. तिला वाटायचं, ते हातांमुळे टिकलं. हात चालू असले की डोकं थोडं जागेवर राहायचं.

नवरा निकेश. बोरगावच्या रस्त्यावर त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. नट सोडला की तो डब्यात, डबा फळीवर, असा नीटस माणूस. लग्नानंतरची काही वर्षं तो तिचं विसरणं हसण्यावारी न्यायचा. मग हसणं कमी झालं. गॅस चालूच राहून भांडं जळलं, बाहेर निघताना चावी सापडली नाही, मुलीच्या शाळेच्या सभेचा दिवस निघून गेला, की एकच वाक्य यायचं: "तुह्यं ध्यान कुठी राह्यते?" दीपमालाला या प्रश्नाचं उत्तर खरंच हवं होतं. तिला स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं.

ॲप्रनचा तो प्रसंग तिच्या डोक्यातून जाईना. निकेशनं त्यावर एक अक्षरही काढलं नाही, त्याचं तिला अधिकच लागलं.

शिवताना तिला कानाशी काहीतरी बोलणं लागतं, म्हणून मोबाईल कायम चालू असतो. एका दुपारी एक कार्यक्रम संपून दुसरा आपोआप सुरू झाला. कुणी डॉक्टर मराठीत बोलत होते. लक्ष टिकत नाही, काम सुरू होतं पण संपत नाही, वस्तू हरवतात, वेळेचा अंदाज येत नाही, समोरचा बोलत असताना मन निसटून जातं. याला एडीएचडी म्हणतात, असं ते सांगत होते. लोकांना वाटतं हा लहान मुलांचा प्रश्न आहे, पण ती मुलं मोठी होतात तेव्हा तो बरोबर घेऊनच मोठी होतात. मुलींमध्ये तर तो अनेकदा ओळखूच येत नाही. त्या वर्गात दंगा करत नाहीत, खिडकीबाहेर बघत बसतात.

दीपमालाचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला. दुकानात काज-बटणाचं काम करणाऱ्या शोभाबाई समोर बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं.

"काय झालं, ताई? दोरा तुटला का?"

"नाई. शोभाबाई, हा माणूस माह्याबद्दल बोलून राह्यला."

तिनं तो कार्यक्रम पुन्हा पहिल्यापासून लावला. नंतर निकेशलाही ऐकवला. त्यानं अर्धा ऐकून मोबाईल परत दिला.

"असं त सगळ्याईलेच होते. मोबाईलवर पाहून कोनी बिमार होते का?"

"सगळ्याईले होते, त सगळ्याईचं काम अर्धं काऊन राह्यत नाई?" तिनं विचारलं.

तिच्याकडे अजून फक्त प्रश्नच होता. पण या वेळी तो प्रश्न तिनं हातचा सोडला नाही.

पहिल्यांदा ती शहरातल्या एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं नाही. दहावीला किती गुण होते ते विचारलं, आणि ऐकून हसले. "इतके गुण मिळवणाऱ्याला असलं काही नसतं. तो मुलांचा आजार आहे. तुम्हाला टेन्शन आहे. पहाटे उठून प्राणायाम करा," असं म्हणून ताकदीच्या आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. झोपेच्या गोळ्यांनी ती सकाळभर पेंगायची आणि कामाचा ढीग वाढायचा. काही दिवसांनी तिनं त्या बंद केल्या.

एरवी गोष्ट इथेच संपली असती. आतापर्यंत दीपमालाच्या बहुतेक गोष्टी अशाच संपल्या होत्या. पण डॉक्टर हसले होते ते तिच्या मनात रुतून बसलं. शोभाबाईंना ती म्हणाली, "मी आजवर सगळं अर्ध्यात सोडलं. हे नाई सोडाचं."

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात ती किती वेळा गेली होती याचा हिशेब नाही. स्कूटीच्या पुढे ॲप्रनची पिशवी ठेवून होस्टेलच्या फाटकापर्यंत जायचं, मुलींना फोन करायचा, पिशवी द्यायची आणि परत फिरायचं. या वेळी तिनं स्कूटी ओपीडीच्या बाजूला लावली, केसपेपर काढला आणि मानसोपचार विभागाच्या बाकावर जाऊन बसली. ओढणी डोक्यावरून पुढे ओढली होती. इथली निम्मी मुलं तिला चेहऱ्यानं ओळखत होती.

आणि भीती होती तसंच झालं. एक मुलगी हातात फायली घेऊन लगबगीनं जाता जाता थबकली. "अय्या, ताई! माझा ॲप्रन झाला का?"

तो ॲप्रन कपाटाखाली पडलेला होता. "उद्या पक्कं," तोंडातून निघून गेलं. मग ती थांबली आणि म्हणाली, "नाई, उद्या नाई होत. दोन दिवसांनी येजो. आज मी मलेच दाखवाले आली."

मुलीनं बाकामागच्या विभागाच्या पाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं केलंत, ताई," म्हणाली आणि निघून गेली. दीपमालानं ओढणी खांद्यावर घेतली.

त्या दिवशी प्राथमिक तपासणी होऊन पुढची तारीख मिळाली. तारखेच्या सकाळी ती तयार झाली, चपला घातल्या आणि निघता निघता टेबलावरचा एक ब्लाऊज दिसला. एवढी बाही जोडून निघू, म्हणून बसली. उठली तेव्हा दुपार उलटून गेली होती. तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्याच्या खिडकीशी उभी राहिली. नोंदणीवरच्या बाई म्हणाल्या, "तुम्हाला कालची तारीख होती."

"हाव मॅडम. मी इसरली. हाच आजार दाखवाले आली मी."

बाईंना हसू आलं. त्यांनी आठवड्यानंतरची तारीख दिली आणि मोठ्या अक्षरात लिहिली. दीपमालानं या वेळी मुलीला सांगितलं, निकेशला सांगितलं, शोभाबाईंनाही सांगितलं. त्या सकाळी शोभाबाई दुकानाच्या कुलपाची किल्ली स्वतःजवळ ठेवून दारात उभ्या राहिल्या. "आज मशीनले हात लावाचा नाई, ताई. आधी जा."

डॉक्टर रक्षा गुल्हाने वयानं दीपमालापेक्षा लहान असतील. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढून घेतली आणि विचारायला सुरुवात केली. शाळा कशी होती, झोप कशी आहे, मन उदास राहतं का, कधी जगणं नकोसं वाटलं का, घरात भांडण होतं का, कामात चुका कोणत्या प्रकारच्या होतात. दीपमाला बोलत सुटली. एका उत्तरातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात. मध्येच थांबून म्हणाली, "तुमी काय इचारलं होतं?" डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी प्रश्न पुन्हा विचारला.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगता आहात ते त्या बाजूनं जातंय. पण मी आज शिक्का मारणार नाही. थायरॉईडची तपासणी करू, रक्त कमी असेल तर तेही पाहू. थायरॉईडमुळे किंवा नैराश्यामुळेही असं होऊ शकतं. आणि मला आणखी एक गोष्ट लागेल. हे लहानपणापासून होतं का, ते सांगणारं कुणीतरी हवं. आई आहेत?"

आई होती. वडनेरला तानाबाई एकट्या राहत. दीपमालाचे वडील रामाजी थूल जाऊन बरीच वर्षं झाली होती. दीपमाला हिंगणघाटवरून बस बदलून वडनेरला पोचली तेव्हा तानाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. लेकीचं ऐकून त्यांनी हातातली शेंग टोपलीत टाकली.

"मले पागलखान्यात नेतं का?"

"पागलखाना नाई, माय. दवाखाना आहे. तू फक्त मी लहानपणी कशी होती ते सांगाचं."

"कशी होती म्हंजे? आता आहे तशीच होती."

"मंग तेच सांगजो."

"लोक काय म्हणतीन? तानाबाईची पोरगी डोक्याच्या डॉक्टरकडे जाते म्हणतीन."

दीपमाला आईच्या समोर उकिडवी बसली. "लोक मले आजवर काय म्हणत आले ते तुले मालूम नाई का? आळशी म्हणतात. येंधळी म्हणतात. तू बी म्हणतं. एक बार चाल, माय. मंग काही मांगणार नाई."

तानाबाईंनी शेंगांची टोपली बाजूला सारली. मग म्हणाल्या, "रविवारी नाई जमत. सोमवारी येतो."

सोमवारी त्या आल्या. इस्त्रीचं पांढरं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत लेकीसाठी तुरीचे दाणे. डॉक्टरांच्या समोर आधी त्यांचा आवाज फुटेना. पण डॉक्टरांनी "लहानपणी त्रास द्यायची का हो ही?" एवढं विचारलं आणि बांध फुटल्यासारख्या त्या बोलू लागल्या.

"काय सांगू, मॅडम! पाण्याले पाठवली त भरली गुंडी हापशीवर ठेवून रिकाम्या हातानं घरी. इचारलं त म्हणे, मी कायले गेलती? शाळेत गेली त दप्तर घरी, घरी आली त चप्पल शाळेत. दूध पाहाले बसवली त दूध चुलीत अन् हे पाखरं पाहून राह्यली. विहारात वंदना सगळ्या पोराईच्या आधी हिले पाठ. पर वंदना चालू असतानी मधातच उठून बाहेर! एका जागी बसलं म्हणून नाई."

डॉक्टर लिहीत होत्या. "मग तुम्ही काय करायच्या?"

तानाबाईंचा आवाज खाली आला. "मारो, मॅडम. लय मारलं. आमाले काय समजे? वाटे, मुद्दाम करते."

दीपमाला भिंतीकडे पाहत होती. डॉक्टरांनी पान उलटून विचारलं, "घरात आणखी कुणाचा स्वभाव असा होता का?"

तानाबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं.

"हिच्या बापाचा," त्या म्हणाल्या. "गवंडी होते. हातात कला होती, मॅडम. पर एका घरची भिंत अर्धी सोडून दुसऱ्याची विहीर पाहाले जाये. तिथून बजारात. बजारात सायकल सोडून पायी घरी. लोक घरी येऊन मले बोले. मी त्याईच्या हाताखाली विटा अन् मातीचा गारा देत होती, मालूम होतं कसं कराचं. त्याईनं अर्ध्या सोडलेल्या भिंती मी रचल्या आहेत. गावात अजून उभ्या आहेत."

दीपमालानं मान वळवून आईकडे पाहिलं. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. बाप विसरभोळा होता एवढं ठाऊक होतं. आईनं विटा रचल्याचं कुणीच बोललं नव्हतं.

"मॅडम," तानाबाई म्हणाल्या, "तवा त्याईले दवाखान्यात आणलं असतं त..."

"तेव्हा आपल्याकडे हे फारसं कुणालाच माहीत नव्हतं, आई," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही आज आलात, याचा हिला खूप उपयोग होईल."

परतताना बसस्टॉपवर दोघी उभ्या होत्या. तानाबाई लेकीकडे न पाहता म्हणाल्या, "लय लागलं असन तुले तवा." दीपमालानं त्यांच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली. बस आली तेव्हा त्यांना खिडकीजवळची जागा करून दिली.

रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. आणखी एक भेट झाली, आणखी प्रश्नांचे कागद भरून झाले. मग डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की हे एडीएचडीच आहे, लक्ष न टिकण्याच्या प्रकारचं, आणि लहानपणापासून आहे. दीपमालाला वाटलं होतं की हे ऐकून तिला हलकं वाटेल. पण स्कूटीवरून घरी येताना तिला राग आला, इतका की बोरगावच्या वळणावर गाडी बाजूला घेऊन ती तशीच बसून राहिली. अर्ध्यात सुटलेलं बी.कॉम. आठवलं. गुरुजींनी वर्गाबाहेर उभं केलेलं आठवलं. इतकी वर्षं ती स्वतःला जे जे म्हणत आली होती ते सगळं आठवलं. राग कुणावर काढावा हेच कळेना. शेवटी गाडी चालू करून ती घरी आली आणि भाजी फोडणीला टाकली.

जेवताना तिनं निकेशला सांगितलं. त्यानं भात कालवता कालवता विचारलं.

"म्हंजे आता तुह्या हातून काही चुकलं त बोलाचंच नाई का?"

"बोला न. भांडं जळलं त भांडं जळलं म्हणा. पण मले आळशी म्हणू नका. मी आळशी नाई."

निकेश म्हणाला, "मी थकतो, दीपा. दोघांचं ध्यान मी एकटाच ठेवतो."

ते खरं होतं. ती रडली नाही, चिडलीही नाही. "म्हणूनच त दवाखान्यात जाणं सुरू केलं," म्हणाली.

औषधाआधी ईसीजी झाला, रक्तदाब पाहिला. डॉक्टरांनी आधी एक गोळी कमी मात्रेनं सुरू केली. असर दिसायला काही आठवडे लागतील, असंही सांगितलं. ते आठवडे वाईट गेले. तोंड कोरडं पडायचं, मळमळायचं, जेवणाची इच्छा मरून गेली. छातीत धडधड व्हायची. काम मात्र होतं तसंच पडून राहायचं. "सोडून दे," निकेश म्हणाला. तोही घाबरला होता. एका सकाळी तिनं गोळी हातात घेतली, पुन्हा डबीत टाकली. मग स्वतःच्या मनानं बंद न करता तारखेआधीच सावंगीला गेली आणि सगळं सांगितलं.

"मनानं बंद केली नाहीत, हे चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "प्रत्येकाला पहिलंच औषध मानवतं असं नाही. आपण बदलून पाहू. पण एक लक्षात ठेवा, गोळी फार तर मशीनला तेल घालेल. शिवायचं तुम्हालाच आहे."

नव्या गोळीसाठी चिठ्ठीचे नियम कडक होते आणि ती वर्ध्याच्या दुकानांत मिळेना. एका दुकानदारानं चिठ्ठी वाचून तिच्याकडे असं पाहिलं की तिला परत फिरावंसं वाटलं. ती पुढच्या दुकानात गेली. मग त्याच्या पुढच्या. शेवटी नागपूरहून मागवून देतो म्हणणारा एक माणूस भेटला आणि त्यानं खरंच मागवून दिली.

ती गोळी सुरू केल्याच्या काही दिवसांनंतरची गोष्ट. कामाच्या ढिगातून तिनं तुरपाईचे कपडे काढले. तिला सगळ्यात नकोसं वाटणारं काम. ती बसली. बाहेर भाजीवाला ओरडून गेला, तो तिला ऐकू आला आणि निघूनही गेला. ती त्याच्या मागं गेली नाही. एक कपडा झाला, घडी घातली, दुसरा घेतला. शोभाबाई मधूनमधून तिच्याकडे पाहत होत्या. शेवटी त्यांना राहवेना.

"ताई, तब्येत बरी नाई का?"

"काऊन?"

"इतक्या टायमाच्या एका जाग्यावर बसून आहा. उठल्या बी नाई."

दीपमालानं बाजूला पाहिलं. घडी केलेल्या कपड्यांचा ढीग उभा होता. ती हसायला लागली आणि हसता हसता डोळे भरून आले. शोभाबाई घाबरून पाणी आणायला धावल्या.

पण सगळं काही सरळ झालं असं नाही. संध्याकाळी गोळीचा असर उतरला की चिडचिड व्हायची. वजन उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी नाश्ता आणि मग सकाळची गोळी असा क्रम लावून दिला, मात्रा थोडी हलवली. दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंबरोबर बसून तिनं दुकानाची शिस्त ठरवली. कटिंग चालू असताना फोन दुकानात आणायचा नाही. कात्री लावण्याआधी शोभाबाई माप मोठ्यानं वाचणार आणि दीपमाला ते परत बोलून दाखवणार. शोभाबाईंना हे काम भलतंच आवडलं. गिऱ्हाईक समोर असलं तरी त्या शाळेतल्या बाईंसारख्या विचारायच्या, "बाही किती म्हटली, ताई? मोठ्यानं सांगा!" 'उद्या पक्कं' म्हणायचं बंद झालं. गिऱ्हाईकं सुरुवातीला नाराज झाली. "आधी त तुमी लगेच हो म्हणत होता," एक जण म्हणाली. "म्हणत होती, देत नोती," दीपमाला म्हणाली.

नर्सिंग शाळेच्या त्या मॅडमनाही ती भेटून आली. कारण सांगितलं, माफी मागितली. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा पाजला. काम मात्र परत दिलं नाही. दीपमाला बाहेर आली तेव्हा तिला वाईट वाटलं, आणि दुकानात येऊन ती पुढचं कापड घेऊन बसली.

त्यानंतर काही महिन्यांनी हिंगणघाटला निकेशच्या मोठ्या बहिणीकडे, मंदाबाईकडे जेवण होतं. मंदाबाईंचे यजमान प्रेमदास नोकरीतून निवृत्त झाले होते. अंगणात मांडव होता, घरचे सगळे जमले होते. दुपारच्या गोळीची वेळ झाली तशी दीपमालानं पर्समधून डबी काढली. पूर्वी ती असल्या वेळी मोरीत जाऊन गोळी घ्यायची. आज ती स्वयंपाकघरातच उभी राहिली.

"कायची गोई आहे ही?" मंदाबाईंनी विचारलं. "शुगर निघाली का तुले?"

"नाई, बाई. डोक्याची आहे. माह्यं ध्यान एका जागी टिकत नाई, त्याची."

चुलीपाशी पोळ्या लाटणाऱ्या बायका थांबल्या. मंदाबाईंनी आवाज खाली केला. "असं चारचौघात नको बोलू. डोक्याची म्हणते! लोक काय समजतीन? अन् असल्या गोयाची आदत लागते म्हणते."

"डॉक्टर लक्ष ठेवते, बाई. दर वेळी तपासते, मंगच देते. मी मनानं कमी-जास्त करत नाई."

"किती दिवस खाशीन?"

"लागन तितके दिवस."

"पह्यले बी त चालतच होतं न तुह्यं?"

"नोतं चालत, बाई," दीपमाला म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुमाले वाटे, चालून राह्यलं. मी किती रडत होती ते कोणाले दिसत नोतं."

मंदाबाईंना ते पटलं नाही, त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. त्या काही बोलणार तेवढ्यात ताटं न्यायला आलेला निकेश दारात थांबला. त्यानं बायकोच्या हातातली डबी पाहिली, बहिणीकडे पाहिलं.

"बाई, भाषण मंग देजो," तो म्हणाला. "तिले आधी पाणी दे. तिचा टाइम झाला आहे."

मंदाबाईंनी तोंड वाकडं केलं, पण माठातून पेला भरून दिला. दीपमालानं सगळ्यांच्या देखत गोळी घेतली, पेला विसळून पालथा ठेवला आणि वरणाचं भांडं उचलून पंगतीत वाढायला गेली.